चौदा सुया आणि मेंढीचा मेंदू

कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं, ही धास्ती महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांनी बाळगली. त्या सुयांमधली लस मूळची कसौलीची. डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली तिची कृती प्रसिद्ध केली आणि रेबीजचा विषाणू पुरता मारून टाकला, एवढंच त्यांचं श्रेय सहसा सांगितलं जातं. मला ते अपुरं वाटतं. पाश्चरच्या मूळ पद्धतीत सशाचा मज्जारज्जू कमी-जास्त दिवस वाळवत आणि रोज चढत्या ताकदीचा डोस देत. हे काम लस बनवणाऱ्या संस्थेच्या दारातच व्हायचं, म्हणून १९०० नंतर कुत्रा चावलेली माणसं लांबलांबून कसौलीच्या डोंगरावर जात. सेंपल यांनी विषाणू वाढवलेला मेंदू वाटून घेतला, त्यात १ टक्का फिनॉल घातलं आणि ते मिश्रण ३७ अंशांवर २४ तास ठेवलं. मेलेली लस कुपीत भरून धाडता येऊ लागली. आता माणसाऐवजी औषध प्रवास करणार होतं, आणि माझ्या मते या लसीची खरी कर्तबगारी इथेच आहे.

मग विषाणू पुरता मारण्याला महत्त्व नव्हतं का? होतंच. फेर्मी या दुसऱ्या संशोधकाच्या लसीतही फिनॉलच असे, पण थोडा विषाणू जिवंत राही. १९६० साली ब्राझीलमधल्या फोर्तालेझात तशी लस घेतलेल्या ६६ जणांपैकी १८ जण लसीतल्याच विषाणूने दगावले. सेंपल यांचा कडकपणा वाजवी होता, हे त्यावरून पटतं. मात्र फिनॉलने विषाणू मेला तरी मेंदू कुपीत राहिलाच. पुढे भारतात सशाऐवजी मेंढीचा मेंदू वापरू लागले. त्यातल्या मायलिनमुळे, म्हणजे मज्जातंतूंवरच्या आवरणामुळे, काहींच्या शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटे आणि लस घेतलेला माणूस लुळा पडे. तयार लस उंदराच्या मेंदूत टोचून तपासली जाई. पण उंदीर जगला तर विषाणू मेला, एवढंच त्यातून कळे. मायलिनबद्दल ती चाचणी मुकीच होती.

गरीब देशाला दुसरा पर्याय कुठे होता, असं यावर विचारलं जातं. सुरुवातीच्या काळापुरतं ते खरं आहे. पण १९५० च्या दशकात चिलीत उंदराच्या नवजात पिल्लांच्या मेंदूत विषाणू वाढवायला सुरुवात झाली, कारण त्या मेंदूत मायलिन जवळजवळ नसतं. म्हणजे दोष कुठे आहे हे तेव्हाच माहीत होतं. पुढे पेशींवर वाढवलेल्या लसी आल्या, आणि १९८० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने मेंदूपासूनच्या लसी थांबवायला सांगितलं. तरी आपल्याकडे त्या बंद व्हायला नवं शतक उजाडलं. नवी लस महाग होती, हे कारण खोटं नाही. पण तिथेच थांबता येत नाही. स्नायूत अख्खी कुपी टोचण्याऐवजी कातडीत ०.१ मिलिलिटरचे डोस दिले, तर एका कुपीत अनेकांचं भागतं. थायलंडने ही पद्धत १९८० च्या दशकातच वापरात आणली होती. भारतात तिला मान्यता मिळाली २००६ साली.