बुडबुड्याची चाल

आपल्याकडे बुडबुडा म्हणजे क्षणभंगुरतेचे प्रतीक. आयुष्याला पाण्यावरच्या बुडबुड्याची उपमा देऊन आपण मोकळे होतो. पण तो तळातून वर येतो कसा, हे सहसा कोणी पाहत नाही. ज्यांनी पाहिले, त्यांच्या कथेचा एक धागा थेट अणुबॉम्बला जाऊन भिडतो.

१६ जुलै १९४५. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिला अणुस्फोट झाला. पाहणाऱ्यांत ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर होते. तप्त वायूचा गोळा आकाशात चढला, तो द्रवातून वर सरकणाऱ्या प्रचंड बुडबुड्यासारखाच. १९५० साली टेलर आणि आर. एम. डेव्हिस यांनी मोकळ्या द्रवातल्या व नळीतल्या मोठ्या बुडबुड्यांवर निबंध प्रसिद्ध केला. त्याआधी १९४३ मध्ये दुमित्रेस्कू यांनीही नळीतल्या बुडबुड्याचे गणित मांडले होते.

उभ्या नळीत पाणी भरून मोठा बुडबुडा सोडला, तर त्याचे डोके गोल होते आणि पाणी नळीच्या भिंतीलगत पातळ पापुद्रा होऊन खाली ओघळते. पाण्याला वाट मिळेल तेवढाच बुडबुडा चढतो. त्याची लांबी वाढली तरी वेग वाढत नाही. वेग ठरतो नळीच्या रुंदीवर. अडीच सेंटिमीटर रुंद नळीत तो सेकंदाला सुमारे १७ सेंटिमीटर चढतो. रुंदी चौपट केली, तर वेग दुप्पट.

नळी फार अरुंद झाली, की मात्र बुडबुडा अडकतो. पाण्यासाठी ही मर्यादा सुमारे पाच मिलिमीटर. ब्रेदरटन यांनी १९६१ साली तिचे गणित दिले. २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी प्रकाशाच्या साहाय्याने मोजले, तेव्हा दिसले की अडकलेला बुडबुडाही अत्यंत मंद गतीने सरकतच असतो. भिंतीलगतचा पापुद्रा अवघ्या काही डझन नॅनोमीटर जाडीचा!

हा केवळ कुतूहलाचा विषय नव्हे. तेलविहिरीत शिरलेला वायू वर येताना दाब घटत जातो आणि तो फुगत जातो. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात असाच वायू नळातून वर उसळला, पेटला. ‘डीपवॉटर होरायझन’वरील ११ कामगार प्राणांस मुकले.

आणि टेलरांनी पाहिलेल्या त्या गोळ्यानंतर बरोबर तीन आठवड्यांनी हिरोशिमा बेचिराख झाले. बुडबुडा क्षणभंगुर खरा. पण त्याच्या पोटात काय भरायचे, हे माणूस ठरवतो.