बर्फातल्या गाड्या आणि डोक्यावर रांजण

तर मंडळी, ‘एल्डन रिंग’ आली २५ फेब्रुवारी २०२२ ला. सुरुवातीला बाहेर पडलात की समोर सोनेरी चिलखतातला घोडेस्वार, ट्री सेंटिनल. माझ्या ओळखीतले सगळे आधी त्यालाच भिडले. आणि मेले! त्याला वळसा घालून जाता येतं, पण हे खेळ सांगत नाही. सांगतात इतर खेळाडू, जमिनीवर चमकणारे संदेश लिहून. (काही जण चक्क खोटं लिहितात. कड्यावरून उडी मारायला लावतात!)

या अनोळखी मदतीचं मूळ २००९ च्या ‘डेमन्स सोल्स’मध्ये आहे. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनीच तो किस्सा सांगितलाय. बर्फाच्या चढावर गाड्या अडकल्या होत्या. मागची गाडी पुढचीला ढकलत राहिली आणि अशा सगळ्या वर चढल्या. थांबून आभार मानायची सोय नव्हती, कारण थांबलं की पुन्हा अडकणार. ते अनोळखी लोक मियाझाकींच्या मनात राहिले. मला वाटतं, या खेळांची लोक नुसती अवघडपणाचीच चर्चा करतात, तेव्हा हा बर्फ विसरतात.

आता मलेनिया. तिचा वार लागला की तिची तब्येत सुधारते, म्हणजे बघा! तिथे हरलेल्यांच्या हाकेला एक जण धावून यायचा. अंगावर चिलखत नाही, डोक्यावर रांजण, हातात दोन तलवारी, नाव ‘लेट मी सोलो हर’. बाकीच्यांनी फक्त बघायचं. त्याच वर्षी प्रकाशक बंदाई नामकोने त्याला खरीखुरी तलवार भेट पाठवली.