अमेरिकन क्विल्टमधील पारंपरिक नमुन्यांची ओळख आणि शिवणाऱ्या स्त्रियांचे श्रम : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

इतिहासलेखनामध्ये शिलालेख, ताम्रपट, दप्तरे, पत्रव्यवहार इत्यादी लिखित साधनांना अनन्यसाधारण महत्त्व आहे. परंतु ज्यांनी लिहिले नाही, अथवा ज्यांचे लिहिलेले जपावे असे कोणास वाटले नाही, अशा समाजघटकांचा इतिहास केवळ लिखित साधनांच्या आधारे उभा करता येत नाही. सामान्य स्त्रियांच्या इतिहासाबाबत ही अडचण विशेषत्वाने जाणवते. त्यामुळे स्त्रियांनी हाताने घडविलेल्या वस्तूंकडे ऐतिहासिक साधन म्हणून पाहण्याची दृष्टी गेल्या काही दशकांत विकसित झाली. अमेरिकेतील 'क्विल्ट' हे अशा साधनाचे ठळक उदाहरण होय.

क्विल्टचे तीन थर असतात. वरचा शोभेचा थर, मधली कापसाची, लोकरीची किंवा कृत्रिम धाग्यांची भर आणि खालचे अस्तर. हे थर एकत्र धरून ठेवणारे टाके म्हणजे 'क्विल्टिंग'. वरचा थर अनेकदा चौकोनी 'ब्लॉक' पुन्हा पुन्हा जोडून तयार होतो व प्रत्येक ब्लॉकच्या मांडणीस स्वतंत्र नाव असते. थोडक्यात, वरचा थर जोडणे आणि तिन्ही थर शिवणे ही दोन वेगळी कामे आहेत. हा भेद प्रस्तुत लेखाच्या केंद्रस्थानी आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. अमेरिकन क्विल्टच्या नमुन्यांची नावे कशी रूढ झाली, याचा आढावा घेणे.
२. नमुना ओळखण्याच्या पद्धतीचे स्वरूप व तिच्या मर्यादा स्पष्ट करणे.
३. क्विल्टिंगच्या श्रमाचे श्रेय कोणास मिळाले, याची चिकित्सा करणे.

प्रस्तुत लेखासाठी दुय्यम साधनांचा व ऐतिहासिक विश्लेषण पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे.

नावांची जडणघडण :

नमुन्यांची नावे आजीकडून नातीकडे चालत आली, असा सर्वसाधारण समज आहे. तो अंशतः खरा असला तरी आज प्रचलित असलेली पुष्कळशी नावे छापखान्याने स्थिर केलेली आहेत. सेंट लुईस येथील 'लेडीज आर्ट कंपनी'ने १८८९ च्या सुमारास क्रमांक दिलेल्या नमुन्यांची सूची टपालाने विकण्यास सुरुवात केली. मेरी वेबस्टर यांचा १९१५ मधील ग्रंथ हा अमेरिकन क्विल्टवरील पहिला स्वतंत्र ग्रंथ मानला जातो. 'कॅन्सस सिटी स्टार' या वृत्तपत्राने १९२८ ते १९६१ या काळात हजाराहून अधिक नमुने प्रसिद्ध केले. त्यांपैकी अनेक नमुने वाचक स्त्रियांनीच पाठविलेले होते. म्हणजेच मौखिक परंपरा छापील माध्यमात आली आणि तेथून पुन्हा घराघरांत गेली.

या देवाणघेवाणीत एकाच नमुन्यास अनेक नावे चिकटली. रूथ फिन्ली यांनी १९२९ च्या ग्रंथात नोंदविल्याप्रमाणे, पश्चिम पेनसिल्व्हेनिया व ओहायो भागात 'बेअर्स पॉ' (अस्वलाचा पंजा) म्हणून ओळखला जाणारा नमुना लाँग आयलंडवर 'चिखलातील बदकाचे पाऊल' आणि फिलाडेल्फियाच्या क्वेकर पंथीयांत 'मैत्रीचा हात' या नावाने परिचित होता. आकृती एकच, परंतु परिसर, व्यवसाय व श्रद्धा यांनुसार तिचा अर्थ बदलत गेला. उलटपक्षी, एकच नाव भिन्न आकृत्यांना दिले गेल्याचीही उदाहरणे आहेत.

नमुना ओळखण्याची पद्धती :

या गोंधळातून मार्ग काढण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात झाले. कॅरी हॉल यांनी आठशेहून अधिक नमुन्यांचे ब्लॉक स्वतः शिवले आणि १९३५ मध्ये रोझ क्रेट्सिंगर यांच्यासमवेत ग्रंथ प्रसिद्ध केला. हे ब्लॉक पुढे कॅन्सस विद्यापीठाच्या संग्रहात जमा झाले. बार्बरा ब्रॅकमन यांनी अनेक वर्षे टिपणपत्रे जमवून सिद्ध केलेला तुकडेजोड नमुन्यांचा कोश १९९३ मध्ये प्रकाशित झाला. त्यात चार हजारांहून अधिक नमुने आहेत.

ब्रॅकमन यांच्या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी वर्गीकरणासाठी नावाऐवजी रचना हा आधार स्वीकारला. अभ्यासकाने प्रथम पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत लहान घटक शोधावा. त्यानंतर तो घटक किती समान चौकटींत विभागला आहे, म्हणजे चार, नऊ, पंचवीस की अन्य, हे पाहावे. मग त्या गटातील आकृत्यांशी तुलना करून क्रमांक निश्चित करावा. नाव शेवटी येते, तेही ते कोणत्या प्रकाशनात कधी छापले गेले या नोंदीसह. नाणकशास्त्रातील किंवा मूर्तिशास्त्रातील वर्गीकरणाशी परिचित असलेल्या वाचकांस या पद्धतीचे शास्त्रीय मूल्य सहज ध्यानात येईल.

तथापि, नमुना ओळखला म्हणजे काळ ठरला असे नव्हे. 'लॉग केबिन' हा नमुना १८६० च्या दशकापासून आजतागायत सातत्याने शिवला जात आहे. काळ ठरविण्यासाठी कापड, रंग, छपाई, दोरा व भर यांची तपासणी करावी लागते. पॉलिएस्टरची भर आढळल्यास ते क्विल्ट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्ण झाले, असे म्हणता येते. पण तेवढ्यावरून वरचा थरही त्याच काळातील आहे, असे म्हणता येत नाही. अनेक घरांत आजीने जोडलेला थर पेटीत पडून राहिला आणि नातीने तो पुढे शिवून घेतला. अशा वस्तूस दोन तारखा असतात.

नावावरून इतिहास रचण्यातील धोके :

'फिफ्टी-फोर फॉर्टी ऑर फाइट' हे एका नमुन्याचे नाव ओरेगॉन सीमावादातील घोषणेवरून आले आहे. ती घोषणा १८४४ च्या अध्यक्षीय निवडणुकीतील म्हणून दीर्घकाळ सांगितली गेली. प्रत्यक्षात ती निवडणुकीनंतर प्रचलित झाली. १८४६ च्या तहाने सीमा ४९ व्या अक्षांशावर ठरली. या नावाचे क्विल्ट हाती आले म्हणजे ते १८४० च्या दशकातील आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

याहून गंभीर उदाहरण 'क्विल्ट संकेता'चे आहे. जॅकलिन टोबिन व रेमंड डोबार्ड यांच्या १९९९ मधील ग्रंथात असे प्रतिपादन करण्यात आले की, दक्षिणेतून पळून जाणाऱ्या गुलामांना मार्गदर्शन करण्यासाठी क्विल्टच्या नमुन्यांचा सांकेतिक भाषा म्हणून उपयोग होत असे. उदाहरणार्थ, 'बेअर्स पॉ' म्हणजे डोंगरातून अस्वलाच्या मागावर चला. या प्रतिपादनाचा मुख्य आधार चार्ल्सटन येथील एका क्विल्टविक्रेत्या स्त्रीने सांगितलेली कौटुंबिक आठवण हा होता. ही कथा शाळांत लोकप्रिय झाली. परंतु १९३० च्या दशकात शासकीय प्रकल्पातून नोंदविलेल्या पूर्वाश्रमीच्या गुलामांच्या २,३०० हून अधिक मुलाखतींत क्विल्टचे उल्लेख असूनही अशा संकेताचा उल्लेख नाही. पळून आलेल्यांच्या आत्मकथनांतही तो आढळत नाही. संकेतात समाविष्ट केलेला 'डबल वेडिंग रिंग' हा नमुना तर त्या नावाने १९२० च्या दशकाच्या अखेरीस छापून आला. २००७ मध्ये न्यूयॉर्कमधील फ्रेडरिक डग्लस स्मारकाच्या आराखड्यात या संकेताचा समावेश दिसताच इतिहासकारांनी जाहीर आक्षेप घेतला.

येथे एक पथ्य पाळणे आवश्यक वाटते. कौटुंबिक आठवण हे साधन म्हणून त्याज्य नाही. आफ्रिकन-अमेरिकन स्त्रियांचा इतिहास दडपला गेला ही वस्तुस्थिती आहे आणि त्यामुळेच अशी कथा अनेकांस आपलीशी वाटली. मात्र पोकळी भरून काढण्याची निकड पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. अलाबामातील जीज बेंड येथील स्त्रिया एकात एक बसविलेल्या चौकोनांच्या मांडणीस 'हाउसटॉप' म्हणतात. २००२ मध्ये सुरू झालेल्या प्रदर्शनामुळे त्यांचे काम सर्वदूर पोहोचले. त्यांनी वापरलेली नावे व दिलेल्या मुलाखती या भक्कम साधनातून जे हाती लागते, ते कल्पित संकेताहून अधिक मोलाचे आहे.

शिवणारे हात आणि श्रेय :

क्विल्टिंग म्हटले की शेजारणींनी मोठ्या चौकटीभोवती बसून गप्पा मारीत केलेले काम, म्हणजे 'क्विल्टिंग बी', हे चित्र डोळ्यांसमोर येते. ते खोटे नाही. पण ते अपुरे आहे. दुसऱ्याने जोडलेला थर मजुरीवर शिवून देण्याची प्रथाही जुनी आहे. चर्चमधील महिला मंडळे असे काम करून निधी जमवीत. मजुरी कित्येकदा लागलेल्या दोऱ्याच्या मापाने ठरे.

या श्रमाचे श्रेय कसे हिरावले जाई, याचे उदाहरण १९३३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात घडले. त्या निमित्ताने सिअर्स कंपनीने घेतलेल्या स्पर्धेत सुमारे २४ हजार क्विल्ट आली. क्विल्ट स्पर्धकाने स्वतः तयार केलेले असावे, अशी अट होती. एक हजार डॉलरचे राष्ट्रीय पारितोषिक केंटकीतील लेक्सिंग्टन येथील मार्गारेट केडन यांना मिळाले आणि ते क्विल्ट अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना भेट देण्यात आले. प्रत्यक्षात केडन यांनी त्यात एकही टाका घातला नव्हता. दुकान चालविणाऱ्या केडन यांनी ते मजुरीवर शिवणाऱ्या स्त्रियांकडून करवून घेतले होते. महामंदीच्या काळात काम जाण्याच्या भीतीने त्या स्त्रिया गप्प राहिल्या. मेरिके वॉल्डव्होगेल व बार्बरा ब्रॅकमन यांच्या १९९३ मधील ग्रंथामुळे ही हकिकत सर्वांसमोर आली. नमुन्याची चर्चा झाली, बक्षीस जाहीर झाले. पण ज्यांनी टाके घातले त्यांची नावे तब्बल साठ वर्षे इतिहासाबाहेर राहिली.

लाँगआर्म यंत्र आणि नवी श्रमविभागणी :

घरगुती शिलाई यंत्रात सुई जागेवर राहते व कापड सरकते. लाँगआर्म यंत्रात याच्या उलट घडते. तिन्ही थर रुळांवर ताणून बसविले जातात आणि लांब बाहूचे यंत्र रुळावरून कापडावर फिरविले जाते. शिवणारी व्यक्ती पुढील मुठी धरून मुक्तपणे टीप मारते किंवा मागील बाजूस कागदावर आखलेली नक्षी गिरविते. पुढे संगणकीय नियंत्रणाचीही जोड मिळाली. १९८० च्या दशकापासून या यंत्रांचा प्रसार झाला. यंत्र महाग व जागा व्यापणारे असल्याने बहुसंख्य स्त्रिया वरचा थर स्वतः जोडतात व क्विल्टिंगसाठी लाँगआर्म व्यावसायिकाची मदत घेतात.

यंत्रावरील कामास मान्यता मिळण्यास वेळ लागला. पडुका येथील राष्ट्रीय प्रदर्शनात १९८९ मध्ये कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या यंत्राने शिवलेल्या क्विल्टला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, तेव्हा 'हे क्विल्टिंगच नव्हे' असा सूर उमटला होता. ते काम घरगुती यंत्रावरील होते. परंतु त्यामुळे यंत्राच्या टिपेस प्रतिष्ठा लाभली. आज अनेक प्रदर्शनांत 'दोन व्यक्तींचे क्विल्ट' असा स्वतंत्र विभाग असतो व जोडणारी आणि शिवणारी या दोघींची नावे लिहावी लागतात. १९३३ च्या पार्श्वभूमीवर पाहता ही साधी तरतूद महत्त्वाची ठरते. यंत्राने हाताचे कौशल्य संपविले, असा आक्षेप घेतला जातो. मात्र शिवणाऱ्या व्यक्तीचे नाव लिहिण्याची गरज याच काळात ठळक झाली, हेही नोंदविले पाहिजे.

महाराष्ट्राच्या संदर्भात :

आपल्याकडील गोधडी किंवा वाकळ ही क्विल्टचीच सजातीय वस्तू होय. जुनी लुगडी, धोतरे व उरलेसुरले तुकडे एकावर एक घालून धावदोऱ्याने ती शिवली जाते. आपल्याकडेही मजुरीवर गोधड्या शिवून देणाऱ्या स्त्रिया आहेत. गोव्यामार्गे उत्तर कन्नड भागात स्थिरावलेल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी स्त्रियांची 'कवंदी' हीदेखील याच परंपरेशी नाते सांगते.

अमेरिकेत १९८१ च्या केंटकी प्रकल्पापासून राज्याराज्यांत क्विल्टची नोंद झाली. लोकांनी घरातील क्विल्ट सभागृहात आणावे, अभ्यासकांनी मापे, छायाचित्रे व कौटुंबिक माहिती टिपावी, अशी ती साधी पद्धत होती. प्रस्तुत लेखकाच्या घरीही एक जुनी वाकळ आहे. तिच्यातील लुगडी कोणाची, हे घरात सर्वांना सांगता येते. ती कोणी शिवली, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही. लुगडे नेसणारी व्यक्ती स्मरणात राहिली आणि टाके घालणारी विस्मरणात गेली.

निष्कर्ष :

१. क्विल्टच्या नमुन्यांची प्रचलित नावे ही मौखिक परंपरा व छापील माध्यमे यांच्या परस्परसंबंधातून घडलेली आहेत.
२. नमुना रचनेवरून ओळखावा व काळ कापड-दोऱ्यावरून ठरवावा. केवळ नावावरून काढलेला ऐतिहासिक निष्कर्ष विश्वसनीय ठरत नाही.
३. वरचा थर जोडणारी व्यक्ती आणि क्विल्टिंग करणारी व्यक्ती अनेकदा भिन्न असते. या दुसऱ्या व्यक्तीच्या श्रमाची नोंद दीर्घकाळ झाली नाही.
४. महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने आपल्या परिसरातील वाकळ-गोधड्यांची नोंद करावी. त्यासाठी मोजपट्टी, वही व छायाचित्रण एवढी साधने पुरेशी आहेत. नोंदीच्या तक्त्यात 'कोणाच्या घरची' या रकान्याबरोबर 'कोणी शिवली' हा रकानाही असावा आणि तो शक्यतो शिवणाऱ्या स्त्रिया हयात असतानाच भरला जावा.