सूक्ष्मशैवाल : टाकाऊ पाण्यावरचे पीक, शिंपल्यांतील विष

एक किलो चीज तयार करताना साधारण नऊ लिटर पाणी उरते. व्हे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पाण्यात सुमारे पाच टक्के दुग्धशर्करा असते. ते तसेच नदीत सोडले, तर त्यावर जिवाणू वाढतात, पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. अशा टाकाऊ द्रवावर सूक्ष्मशैवाल वाढविण्याचे प्रयोग अनेक देशांत झाले आहेत.

टाकाऊतून खाद्य

सूक्ष्मशैवाल म्हणजे केवळ सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या एकपेशीय पाणवनस्पती. क्लोरेला हे शैवाल सूर्यप्रकाशावर वाढते. तसेच पाण्यात विरघळलेली साखरही शोषून घेते. दुग्धशर्करा मात्र त्याला सहज पचत नाही. त्यामुळे विकराच्या साह्याने आधी तिचे ग्लुकोज व गॅलॅक्टोज असे विघटन करावे लागते. शिवाय द्रव निर्जंतुक केला नाही, तर शैवालाआधी जिवाणूच त्यावर ताव मारतात. असे पीक मत्स्यशेतीसाठी मोलाचे ठरू शकते, कारण कालवे व शिंपल्यांच्या पिल्लांचे मुख्य अन्न सूक्ष्मशैवाल हेच असते.

नाण्याची दुसरी बाजू

सगळीच शैवाले निरुपद्रवी नसतात. कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावरील शिंपले खाऊन १९८७ च्या अखेरीस शंभराहून अधिक लोक आजारी पडले, किमान तिघे दगावले आणि काहींची स्मरणशक्ती गेली. समुद्रातील एका शैवालाने तयार केलेले डोमोइक आम्ल शिंपल्यांच्या शरीरात साठले होते. केरळमधील विळिंजम येथे १९९७ मध्ये शिंपल्यांतून झालेल्या विषबाधेत सात जणांचा बळी गेला. तेथील विष वेगळे, अर्धांगवायू घडविणारे होते. शिंपले पाणी गाळून अन्न मिळवतात. त्यामुळे पाण्यातील विष त्यांच्यात साठत जाते, पण ते स्वतः टवटवीत दिसतात. चव वा वासावरून त्याचा पत्ता लागत नाही आणि शिजवल्यानेही ते नष्ट होत नाही.

चाचणी हाच उपाय

पूर्वी शिंपल्यांचा अर्क उंदरांना टोचून त्यांचे निरीक्षण करीत. कॅनडात या चाचणीतील उंदीर विचित्र पद्धतीने अंग खाजवू लागले आणि हे विष नेहमीचे नसल्याची शंका आली. पुढे रासायनिक पृथक्करणातून त्याची ओळख पटली. डोमोइक आम्लाची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम ठरली. युरोपीय संघाने २०११ पासून मेदात विरघळणाऱ्या सागरी विषांसाठी उंदरांऐवजी यंत्राधारित पृथक्करण ही प्रमाण पद्धत स्वीकारली.

टाकाऊ द्रवावर वाढवलेल्या शैवालालाही हीच शिस्त लागू पडते. मूळ द्रवातील जड धातू वा जंतू खाद्यावाटे शिंपल्यात व तेथून ताटात पोहोचू शकतात. त्यामुळे द्रव, शैवाल आणि शिंपले या तिन्ही टप्प्यांवर तपासणी झाली, तरच कचऱ्यातून उभे राहिलेले हे अन्न निर्धोक ठरेल.