जोंधळ्याची भाकरी आणि श्वानाची जीभ

जाफराबादच्या आसपासच्या शिवारांत जो कुत्रा राखणीला असतो, त्याचें अन्न सहसा कोणी वेगळें शिजवीत नाहीं. घरांत जोंधळ्याची भाकरी होते, तिचा उरलासुरला तुकडा ताकांत किंवा पाण्यांत कुस्करून त्याच्यापुढें ठेवला जातो. कधीं त्यावर थोडें दूध, कधीं आदल्या दिवशींच्या कालवणाचा रस्सा. मांजराच्या वांट्याला दूधभात येतो. बाकीचें तें उंदीर मारून मिळवितें. ही व्यवस्था पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे आणि तिच्यांत काय उणें आहे हा प्रश्न फार दिवस कोणास पडला नव्हता. हल्लीं मात्र कुत्र्यामांजरांसाठीं शक्तिवर्धक गोळ्या, पातळ औषधें व चूर्णें मिळूं लागलीं आहेत आणि पाळीव जनावरावर जीव असलेला मनुष्य तीं हातांत घेऊन विचारांत पडतो. त्याला एक जुना इतिहास ठाऊक असणें हितकर होईल. त्या इतिहासांतील एक महत्त्वाचा प्रसंग या दख्खनच्या पठारावरच घडलेला असून त्यांत भाकरी, कुत्रा आणि मनुष्य या तिघांचाहि संबंध आहे.

जीवनसत्त्वांची कल्पना मुळांत जनावरांच्या खाद्यांतूनच निघाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटांतील बटाव्हिया येथें आइकमन नांवाच्या डच वैद्यास असें दिसलें कीं, सडीक तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिला कीं त्या बऱ्या होतात. पुढें १९१२ सालीं फुंक यानें अशा द्रव्यांस ‘व्हिटामिन’ हें नांव सुचविलें. श्वानाची पाळी त्यानंतर आली. १९१८-१९ च्या सुमारास इंग्लंडांत मेलॅन्बी यानें कुत्र्याचीं पिलें घरांत कोंडून निकृष्ट खाद्यावर वाढविलीं. त्यांचीं हाडें मऊ पडून पाय वांकले, म्हणजे त्यांस मुडदूस झाला. त्याच खाद्यांत कॉड माशाच्या यकृताचें तेल मिसळलें असतां तो टळला. त्या तेलांतील हाडें घडविणारा अंश ‘अ’ जीवनसत्त्वाहून निराळा आहे हें अमेरिकेंत मॅकॉलम यानें १९२२ सालीं दाखविलें, आणि त्यास ‘ड’ हें अक्षर मिळालें.

अमेरिकेच्या दक्षिण भागांत याच काळांत पेलाग्रा नांवाचा रोग माजला होता. मक्यावर गुजराण करणाऱ्या गरीब लोकांची उन्हांत उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलून निघे, हगवण लागे, आणि शेवटीं बुद्धीहि भ्रमिष्ट होई. हा संसर्गजन्य रोग आहे असें पुष्कळ वैद्यांचें मत होतें. १९१४ पासून त्याचा शोध करणाऱ्या गोल्डबर्गर यानें हा निकृष्ट अन्नाचा परिणाम आहे असें सिद्ध केलें. तेथील कुत्र्यांस होणारी ‘काळी जीभ’ ही व्याधि त्याच रोगाची बहीण आहे हेंहि त्याच्या ध्यानांत आलें. मग कोणतें अन्न रोग टाळतें आणि कोणतें टाळीत नाहीं, याची कसोटी म्हणून त्यानें श्वानच घेतले. तो १९२९ सालीं वारला. त्यानंतर आठ वर्षांनीं, १९३७ सालीं, विस्कॉन्सिन येथें एल्वेजेम व त्याच्या सहकाऱ्यांनीं काळ्या जिभेनें आजारी कुत्र्यांस निकोटिनिक आम्ल देऊन बरें केलें. हेंच तें ‘ब’ गटांतील नायसिन. माणसाचें औषध माणसाच्या आधीं कुत्र्यास लाभलें, असें येथें खरोखरच म्हणतां येईल.

येथवर ही कथा मक्याची होती. दख्खनमध्यें मका हें मुख्य अन्न नव्हतें, येथें जोंधळा. जाफराबादचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत, औरंगाबाद जिल्ह्यांत होता. जालना जिल्हा १९८१ सालीं निराळा झाला. ज्या हैदराबाद शहराकडे हा मुलूख राजधानी म्हणून पाहत असे, तेथें १९५८ सालीं कुन्नूरहून आहारसंशोधनाची जुनी प्रयोगशाळा हलविण्यांत आली; तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. तेथील डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांच्यापुढें एक कोडें होतें. दख्खनच्या पठारावरील जोंधळा खाणाऱ्या गरिबांस पेलाग्रा होत होता. पण मक्यांत जे दोष सांगितले जातात ते जोंधळ्यांत तितकेसे दिसत नव्हते. जोंधळ्यांत ल्यूसिन नांवाचा प्रथिनांश फार आहे आणि तो शरीराच्या नायसिनच्या व्यवहारांत अडथळा आणीत असावा, असा तर्क त्यांनीं १९६० सालीं मांडला. पुढें डॉ. भवानी बेलवाडी व डॉ. गोपालन यांनीं कुत्र्यांस जोंधळ्याच्या आहारावर ठेविलें, आणि १९६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत त्या कुत्र्यांस काळी जीभ झाल्याचा वृत्तांत आहे.

ल्यूसिनच्या उपपत्तीबद्दल पुढें विद्वानांत मतभेद झाले. तो वाद येथें अप्रस्तुत आहे. परंतु एवढें खरें कीं, बांधावरचा कुत्रा धन्याच्या भाकरीचा वांटेकरी होता, तसाच तो धन्याच्या उणिवेचाहि वांटेकरी होता. यांत भाकरीला दोष देण्याचें कारण नाहीं. भाकरीबरोबर डाळ, भुईमूग, दूध, अंडें यांपैकीं कांहीं पोटांत गेलें तर हा रोग सहसा फिरकत नाहीं. दुखणें येतें तें निव्वळ भाकरीवर दिवस काढणाऱ्याला, मग तो दोन पायांचा असो वा चार पायांचा. म्हणून कुत्र्यास कोणतें जीवनसत्त्व द्यावें हें ठरवितांना बाटलीपूर्वीं त्याची थाळी पाहावी. शिजविलेलें अंडें किंवा थोडें शिजविलेलें मांस मिळालें तर ‘ब’ गटाची बरीच भरपाई तेथेंच होते. (कालवणाचा रस्सा मात्र वर्ज्य समजावा, त्यांतील कांदा-लसूण कुत्र्यामांजरांच्या रक्तांतील तांबड्या पेशींचा नाश करतात.) ‘क’ जीवनसत्त्व निरोगी कुत्रीं व मांजरें स्वतःच्या यकृतांत तयार करतात, त्यासाठीं पैसे खर्च करण्याची सहसा गरज नसते. ‘ड’ चें तसें नाहीं. मनुष्य उन्हांत बसून तें मिळवितो, कुत्र्यामांजरांच्या कातडींत तें फारसें बनत नाहीं. त्यांस तें अन्नांतूनच मिळावें लागतें.

मांजराचा प्रकार याहून निराळा आहे, आणि पुष्कळांची चूक येथेंच होते. कुत्र्याचें औषध अर्ध्या मापानें मांजराला, असा हिशेब चालत नाहीं. गाजरांतील पिवळ्या द्रव्यापासून कुत्रा ‘अ’ जीवनसत्त्व बनवितो. मांजराला ती कला साधत नाहीं, त्याला तें मांसांतून तयार स्थितींतच लागतें. नायसिनचेंहि तसेंच. टॉरीन हें वस्तुतः जीवनसत्त्व नव्हे, पण मांजराला तें बाहेरूनच मिळावें लागतें. त्याच्या अभावीं मांजरांचे डोळे जातात हें १९७५ सालीं, आणि हृदय दुबळें होतें हें १९८७ सालीं कळलें. मांजरांच्या तयार खाद्यांत टॉरीन वाढविण्यांत आलें तें या शोधानंतर. तेव्हां दूधभातावर ठेवलेल्या मांजराला उंदीर मारूं दिला जातो, त्यांत त्याच्या शरीराची गरजहि भागत असते.

उलट बाजूचीं उदाहरणेंहि आहेत. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतांत १९६० नंतरच्या दशकांत कांहीं मांजरांच्या मानेचे मणके एकमेकांस जोडले जाऊन मान ताठ झालेली आढळली. त्यांचे धनी त्यांस लाडानें मुख्यत्वें कच्चें काळीजच खाऊं घालीत असत. काळजांतल्या ‘अ’ जीवनसत्त्वाचा अतिरेक झाला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत नॉर्वेकडून येणारें कॉड माशाचें तेल बंद पडलें, तेव्हां आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या यकृताचें तेल काढण्यास चालना मिळाली. उद्योग स्तुत्य होता. परंतु मुशीच्या तेलांत ‘अ’ फार व ‘ड’ त्या मानानें थोडें. दोन्हीं तेलें माशाचींच असलीं तरी एकाच्या मापानें दुसरें देतां येत नाहीं. ‘अ’ आणि ‘ड’ हीं चरबींत विरघळणारीं असल्यामुळें शरीरांत सांठत जातात. ‘ड’ चा अतिरेक मूत्रपिंडें निकामी करतो. उंदीर मारण्याच्या कांहीं औषधांत विष म्हणून ‘ड’ जीवनसत्त्वच असतें, ही गोष्ट ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटतें. २०१९ सालीं अमेरिकेंत कुत्र्यांच्या डबाबंद खाद्यांत मिश्रणाच्या चुकीनें ‘ड’ अतिशय वाढलें आणि तो माल परत मागवावा लागला.

यावरून निवडीचा मार्ग बराचसा उघड होतो. जें जनावर चांगल्या प्रतीच्या ‘संपूर्ण’ तयार खाद्यावर आहे, त्याच्या अन्नांत जीवनसत्त्वें आधींच घातलेलीं असतात; वरून पुन्हां गोळी देणें म्हणजे भरल्या घागरींत पाणी ओतणें. घरच्या अन्नावर असलेल्या जनावराला कांहीं द्यावयाचें झाल्यास औषधाच्या वेष्टनावर तें कुत्र्याचें कीं मांजराचें, किती वजनाला किती, आणि ‘अ’ व ‘ड’ चे किती एकक, हें स्पष्ट लिहिलेलें असावें. एवढेंहि न लिहिणाऱ्या उत्पादकाची बाटली दुकानांतच ठेवावी. मोठ्या जातीच्या पिलांस पशुवैद्याच्या सांगण्याशिवाय कॅल्शियम देऊं नये, त्याच्या अतिरेकानें हाडें वेडींवांकडीं वाढतात. माणसांच्या गोळ्या तर मुळींच नकोत. त्यांत लोह व ‘ड’ मोठ्या प्रमाणांत असतें, आणि मुलांसाठीं केलेल्या गोड गोळ्यांत कधीं कधीं झायलिटॉल नांवाचें साखरेऐवजीं वापरलें जाणारें द्रव्य असतें. तें पोटांत गेल्यास कुत्र्याच्या रक्तांतील साखर झपाट्यानें उतरते आणि पुढें यकृतासहि धोका पोहोंचतो.

जनावर सुस्त झालें, केस गळूं लागले, कीं जीवनसत्त्वाची बाटली आणण्याची घाई होते. पण जंत, गोचिडांनीं आणलेले ताप, मूत्रपिंडाचे विकार यांनींहि तींच लक्षणें दिसतात, आणि बाटलीवर विसंबल्यानें उपचाराचे दिवस फुकट जातात. तेव्हां जनावराचें वजन करून आणि आठवड्याभरांत तें काय काय खातें हें कागदावर लिहून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत जावें. जातांना त्याचा ओठ उचलून एकदां जीभ पाहावी. कांहीं कुत्र्यांच्या जिभेवर जन्मतःच काळे डाग असतात, तो रोग नव्हे. गोल्डबर्गरनें पाहिलेल्या आणि पुढें हैदराबादेस दिसलेल्या व्याधींत तोंडाचें आंतलें अस्तर प्रथम लालभडक होतें, मग जांभळट काळें पडतें, व्रण होतात आणि तोंडांतून दुर्गंधीची लाळ गळूं लागते.