मिरजकर पटवर्धनांची पत्रं : राजकारणाच्या समासात लिहिलेलं घर



पंधराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये नॉरफोक परगण्यात पॅस्टन नावाचं एक घराणं होतं. आजा साधा शेतकरी, स्वतः नांगर धरणारा. त्याचा मुलगा कायदा शिकला, न्यायाधीश झाला, आणि तिथून हे घराणं जमीनदार म्हणून वर आलं. जमीन मिळवली की ती टिकवावी लागते. टिकवायची तर कज्जे, लंडनच्या फेऱ्या, मोठ्या सरदारांची मर्जी. म्हणून नवरा लंडनला, बायको गावी, आणि मध्ये पत्रं. ही पत्रं नॉरफोकच्याच जॉन फेन नावाच्या एका हौशी संशोधकानं १७८७ साली पहिल्यांदा छापली, आणि इंग्रज वाचकाला आपलं मध्ययुग एकदम घरातून दिसायला लागलं.

१७८७ म्हणजे आपल्याकडे टिपूशी गजेंद्रगडचा तह झाला ते साल. म्हणजे फेन तिकडे जुनी पत्रं छापत होता, तेव्हा तशीच पत्रं इकडे मिरजेत आणि तासगावात लिहिली जात होती, रुमालात बांधली जात होती. ती छापायला आपल्याला आणखी एकशेदहा वर्षं लागली. मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवणारे वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९७ साली ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सुरू केला आणि १९२४ साली वारले तोपर्यंत ते त्याच कामात होते. शाळामास्तराचा पगार, छपाईचा खर्च, वर्गणीदारांची वानवा, आणि समोर मोडीचे ढीग. नाटकं लिहिली, काव्यं लिहिली, नाना फडनविसांचं चरित्र लिहिलं. पण त्यांचं खरं जन्मकार्य म्हणजे हा संग्रह. सांगली-मिरजेच्या माणसांनी तरी त्यांचं नाव विसरू नये.

आता पटवर्धन आणि पॅस्टन यांचं साम्य बघा. हरभट पटवर्धन हे रत्नागिरीकडच्या कोतवड्याचे. गणपतीचे भक्त, गरीब भिक्षुक. इचलकरंजीच्या घोरपड्यांकडे ते उपाध्ये झाले. इचलकरंजीकर व्यंकटराव हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचे जावई, अनूबाईंचे यजमान. त्या आश्रयानं हरभटांची मुलं पेशव्यांच्या फौजेत शिरली. गोविंद हरी, रामचंद्र हरी, त्रिंबक हरी. पळी-पंचपात्र एका पिढीत आणि तलवार पुढच्या पिढीत! १७६४ साली थोरल्या माधवरावांनी गोविंद हरी, परशुराम रामचंद्र म्हणजे आपले परशुरामभाऊ, आणि नीलकंठ त्रिंबक यांना आठ हजार स्वारांचा सरंजाम लावून दिला. मिरज, तासगाव, कुरुंदवाड ही सगळी त्यातली ठाणी.

सरंजाम म्हणजे बसून खायचं वतन नव्हे. दसऱ्याला शिलंगण करून फौज बाहेर पडायची ती पावसाळ्याच्या तोंडाला परतायची, आणि कित्येकदा कर्नाटकातच छावणी पडायची. पुरुष मलप्रभेच्या नाहीतर तुंगभद्रेच्या काठावर. म्हातारे, बायका, मुलं मिरजेच्या किल्ल्यात. वकील आणि कारकून पुण्यात. घराचे असे तीन तुकडे झाले की पत्रांवाचून गत्यंतर नसतं. पॅस्टनांचंही नेमकं हेच झालं होतं.

पत्र होतं कसं ते थोडं सांगतो, कारण त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. बोरूनं, हात न उचलता लिहिलेली मोडी. वर मायना. वडिलांना ‘तीर्थरूप’, धाकट्याला ‘चिरंजीव’, बरोबरीच्याला ‘राजश्री’. मग इथलं कुशल, तिथलं कुशल, मग मजकूर. तारीख मुसलमानी महिन्यातली, चंद्राची. वर्ष पुष्कळदा नाहीच! लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊक असायचं, आपल्याला नसतं. खरेशास्त्र्यांचे कित्येक दिवस केवळ ‘हे पत्र कोणत्या सालचं’ एवढं ठरवण्यात गेले असणार. आणि पाठीवर कारकुनानं केलेली पैवस्तीची नोंद, म्हणजे पत्र कधी पोचलं ती. मला ही नोंद फार आवडते. पत्राची तारीख आणि पैवस्तीची तारीख यांच्यामध्ये एक जासूद उन्हातून चाललेला असतो, आणि घरातली माणसं जे घडून गेलंय ते माहीत नसताना जगत असतात.

मार्गारेट पॅस्टनचं १४४८ सालचं एक पत्र प्रसिद्ध आहे. शत्रूची माणसं गावात जमली होती, घराला धोका होता, म्हणून ती नवऱ्याला लंडनहून आडवी धनुष्यं पाठवायला सांगते, कारण घर ठेंगणं आहे, लांब धनुष्य आत ओढता येत नाही. आणि त्याच पत्रात एक पौंड बदाम, एक पौंड साखर आणि मुलांच्या अंगरख्यांना कापड मागते. विद्यार्थ्यांना हे सांगितलं की ते हसतात. हसण्यासारखं त्यात काही नाही. संकट आलं म्हणून मुलांचे कपडे फाटायचे थांबत नाहीत.

पटवर्धनांच्या पत्रांत हा बदाम-साखरेचा मजकूर शेवटी येतो, किंवा वेगळ्या पुरवणीवर येतो. आधी हैदर कुठं आहे, निजामाचा रंग काय, पुण्यात कोणाचं चालतंय. मग स्वारांचा रोजमुरा थकला आहे, सावकार आणखी देत नाही. मग लष्करातला दाण्यावैरणीचा भाव. आणि मग घर. कोणाला ताप आहे, औषध लागू पडत नाही, मुंजीचा मुहूर्त, लग्नाचं देणंघेणं, घोडी व्याली, अमुक वस्तू पुण्याहून घेऊन पाठवावी. खरेशास्त्र्यांचा डोळा मुख्यतः राजकारणावर होता. तो काळच तसा होता. मराठ्यांनी राज्य केलं होतं हे ग्रँट डफच्या पुढं जाऊन सिद्ध करायचं होतं. त्यामुळे घर आपल्याला समासात वाचावं लागतं. पण समासातही पुष्कळ आहे.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, तेव्हा एका शब्दापाशी थोडा थांबतो. आपण या पत्रांना ‘खासगी’ पत्रं म्हणतो. पेशवाईच्या हिशेबात ‘खासगी’ हे एक खातं आहे : धन्याच्या स्वतःच्या घरचा खर्च, स्वतःचा खजिना. खासगी म्हणजे ‘स्वतःचं’, ‘लपवलेलं’ नव्हे. आज आपण खासगी म्हणतो तेव्हा दार लावून घेतो. त्यांच्या खासगीला दारच नव्हतं. पत्र धन्यानं सांगायचं, कारकुनानं लिहायचं, पलीकडच्या कारकुनानं वाचून दाखवायचं, आणि तेव्हा तिथं चार माणसं बसलेली असायची. जे खरोखर चौघांत सांगण्यासारखं नसे ते कागदावर येतच नसे. पत्र नेणाराच ते तोंडी सांगेल, एवढंच पत्रात असे. म्हणजे या हजारो पत्रांतला सर्वांत आतला मजकूर जासुदाच्या तोंडी होता आणि तो हवेत गेला. मार्गारेटची पत्रंही निरनिराळ्या लेखनिकांच्या हातची आहेत, बाईंना बहुधा लिहिता येत नव्हतं. तरी पॅस्टनांमध्ये १४७७ साली मार्जरी ब्रूज नावाची मुलगी आपल्या नियोजित वराला व्हॅलेंटाइन म्हणून पत्र लिहवून घेते. हुंड्यावरून लग्न अडलं होतं! आपल्याकडे नवऱ्यानं बायकोला लिहिलेलं तसं पत्र शोधून सापडायचं नाही. प्रेम नव्हतं म्हणून नव्हे. जिथं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, तिथं ती कारकुनाला काय सांगणार?

बायका बोलतच नाहीत असंही नाही. वाईच्या रास्त्यांची मुलगी गोपिकाबाई, नानासाहेब पेशव्यांची बायको. हिनं उतारवयात नातवाला, सवाई माधवरावाला, दिवसभर कसं वागावं याबद्दल लिहून पाठवलेलं पत्र प्रसिद्धच आहे. तीन मुलगे गेलेली बाई नऊ-दहा वर्षांच्या नातवाला शिस्त सांगते आहे. पण ती पेशव्यांची आजी. मिरजेच्या वाड्यातल्या बायकांना एवढी जागा नव्हती.

आता या मिरजेच्या घरात काय झालं ते पाहू. १७६३ साली राघोबादादांनी मिरजेवर फौज घातली, मिरज घेतलं. घरचा कर्ता मुलगा गोपाळराव रागावून निजामाकडं गेला. राक्षसभुवनच्या लढाईनंतर तो परत आला, माधवरावांनी मिरज परत दिलं. हे सगळं इतिहासाच्या पुस्तकात आहे. पुढचं पुस्तकात एका ओळीत असतं. १७७१ साली गोपाळराव वारला. त्याच वर्षी त्याचा म्हातारा बाप गोविंद हरी वारला. १७७५ साली गोपाळरावाचा भाऊ वामनराव गेला. मग पांडुरंगराव कर्ता झाला. १७७७ साली धारवाडजवळ सौंशीला हैदराच्या फौजेनं पटवर्धनांना गाठलं. कोन्हेरराव पडला, पांडुरंगराव जखमी होऊन कैद झाला आणि त्याच वर्षी श्रीरंगपट्टणच्या कैदेत मेला. सहा-सात वर्षांत चार कर्ते पुरुष! मागं राहिली मुलं. पांडुरंगरावाचा मोठा मुलगा हरिहरराव नावाला सरंजामदार झाला, तोही १७८२च्या सुमारास गेला. मग सहा-सात वर्षांचा चिंतामणराव, आणि कारभार बघायला चुलते गंगाधरराव.

राजकीय इतिहासात याला ‘मिरजकरांची पडती बाजू, तासगावकर भाऊंचा उदय’ म्हणतात. घराच्या बाजूनं बघितलं तर दोन अक्षरं बदलताना दिसतात. ‘सौ.’ जाऊन ‘गं. भा.’ येतं. काल जिचा उल्लेख सौभाग्यवती म्हणून होता, ती पुढच्या पत्रात गंगाभागीरथी झाली. पत्रात त्याबद्दल आणखी काही असेलच असं नाही. मजकूर सरंजामाचा, थकबाकीचा, पथकाच्या हजेरीचा. ज्या घरात अशा किती बायका एकाच वेळी होत्या, तिथली स्वयंपाकघरं, तिथले सणवार कसे असतील, याचा विचार मायना वाचता वाचता आपणच करायचा.

आणि इथं परशुरामभाऊंच्या मुलीची गोष्ट सांगावीच लागते. लहानपणीच ती विधवा झाली. भाऊ म्हणजे रणात वाढलेला माणूस. १७९०-९१ला सहा महिन्यांहून अधिक काळ धारवाडला वेढा घालून बसलेला. पण या एका गोष्टीनं तो हलला, आणि मुलीचा पुनर्विवाह करता येईल का असं त्यानं शास्त्र्यांना विचारलं, काशीपर्यंत विचारणा झाली, असं परंपरा सांगते. शेवटी लोकापवादापुढं त्यानं तो विचार सोडला. एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकांना या कथेचा मोठा आधार वाटला, आणि ते योग्यच होतं. मला त्यात दुसरंच दिसतं. १४६९ साली पॅस्टनांच्या मुलीनं, तीही मार्जरीच, घरच्या कारभाऱ्याशी, रिचर्ड कॉलशी, गुपचूप लग्न लावलं. आईनं तिला घराचं दार बंद केलं. पण बिशपला तिला समोर बोलवून विचारावं लागलं की बाई, तू त्याला नेमके कोणते शब्द बोललीस? कारण त्या धर्मकायद्यात लग्न दोघांच्या शब्दांनी होत असे. तिनं सांगितलं, आणि लग्न टिकलं. भाऊंच्या मुलीच्या गोष्टीत शास्त्री बोलतात, बाप बोलतो, लोक बोलतात. मुलीला कोणी विचारल्याचं कथेतही नाही. पॅस्टन फार दयाळू होते असं मी म्हणत नाही. मुलींना मारझोड त्या घरातही होत होती. प्रश्न एवढाच की कोणाचा शब्द नोंदवण्याजोगा धरला जातो. तो ठरला की पुढं दप्तरात काय राहणार तेही ठरतं.

चिंतामणराव मोठा झाला, चुलत्याशी पटेना. १८००च्या सुमारास तो देवातला गणपती घेऊन मिरजेतून निघाला आणि कृष्णाकाठच्या सांगली नावाच्या लहानशा गावी राहायला आला. तुमची सांगली या घरभांडणातून राजधानी झाली. आणि वाटणी म्हणजे कागद. कोणत्या गावाचा वसूल कोणाचा, कोणते हत्ती-घोडे, कोणती भांडी. प्रेमापेक्षा भांडणानं जास्त पत्रं जपली जातात, हे पॅस्टनांनाही लागू आहे. पत्रं ठेवली ती आठवण म्हणून नाही, पुरावा म्हणून.

सातारकरांना वाटेल आमचं काय? नानांचं मेणवलीचं दप्तर, दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी साताऱ्यात जमवलेला संग्रह, हे सगळं पुढं पुण्याला डेक्कन कॉलेजात गेलं. गेलं म्हणून राहिलं, असंही म्हणता येईल. कारण मोठ्या सरदारांची दप्तरं वाचली, पण लहान घरांची, कुलकर्ण्यांची, सावकारांची, पथकातल्या शिलेदारांची दप्तरं माळ्यावरच राहिली. मोडी शाळेतून गेली तेव्हापासून घरातल्या माणसालाच आपला कागद वाचता येत नाही. २००५ला कृष्णेचं पाणी आलं, २०१९ला त्याहून जास्त आलं, २०२१ला पुन्हा आलं. वाडे पाडून इमारती होतात तेव्हा माळा रिकामा करणारा माणूस घाईत असतो.

तेव्हा कोणाकडे रुमाल असेल तर तो उन्हात वाळवू नका, घड्या जोरानं उलगडू नका, वर प्लास्टिक गुंडाळू नका, आत दमट राहतं. सुती फडक्यात सैल बांधा, जमिनीपासून उंच ठेवा, आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवा. विकण्याजोगा आहे का असं मला विचारू नका. आणि उलगडलात तर आधी मागची बाजू बघा. पैवस्तीची तारीख तिथं असते.