अभ्यासक्रम ज्यांच्यावर बेतला, परीक्षाही त्यांचीच

१९६० च्या दशकातील अमेरिकेत रस्त्यावर कोणी कोसळले, तर त्याला न्यायला अनेक गावांत शववाहिका येत असे. ही अतिशयोक्ती नव्हे. १९६६ साली राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या वतीने प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार देशातील सुमारे निम्मी रुग्णवाहिका-सेवा अंत्यविधीचे व्यावसायिक चालवत होते. कारण माणसाला आडवे निजवून नेता येईल एवढी लांब गाडी त्यांच्याचकडे असे.

पोलादाचे शहर म्हणून ख्यात असलेल्या पिट्सबर्गमध्ये हे काम पोलिसांचे होते. दोघे पोलीस पुढे बसत, रुग्ण मागे स्ट्रेचरवर एकटा. प्रशिक्षण म्हणावे असे त्यांच्याकडे जवळजवळ काही नव्हते. हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीत तर पोलिसांची गाडी बोलावणे हाच धोका वाटे. आणि बोलावलीच, तर ती येईलच याची खात्री नसे.

४ नोव्हेंबर १९६६ रोजी पेनसिल्व्हेनियाचे माजी राज्यपाल व पिट्सबर्गचे माजी महापौर डेव्हिड लॉरेन्स एका सभेत कोसळले. पोलिसांच्या गाडीतून रुग्णालयात पोहोचेपर्यंत मेंदूला इजा होऊन गेली होती. २१ नोव्हेंबरला ते वारले. एवढा वजनदार राजकारणीही या व्यवस्थेतून वाचला नाही, ही गोष्ट शहराला बोचली. त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर होते पीटर सफर, ऑस्ट्रियात जन्मलेले भूलतज्ज्ञ आणि आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो त्याच्या शिल्पकारांपैकी एक. त्याच वर्षी त्यांची लहान मुलगी दम्याच्या झटक्याने गेली होती. उपचार रुग्णालयाच्या दारात नव्हे, रुग्ण पडला तिथेच सुरू झाला पाहिजे, हे त्यांचे मत त्यानंतर ध्यास बनले.

पण हे काम शिकायचे कोणी? एका सेवाभावी निधीचे प्रमुख फिल हॅलन आणि हिल डिस्ट्रिक्टमधील ‘फ्रीडम हाउस’ ही संस्था यांच्या साहाय्याने सफर यांनी १९६७ मध्ये वस्तीतल्याच तरुणांना निवडले. कित्येक जण बेकार होते, काहींची शाळा अर्ध्यावर सुटलेली, काही व्हिएतनाममधून परतलेले, काहींनी तुरुंग पाहिलेला. त्यांना सुमारे ३०० तासांचे शिक्षण मिळाले: शरीररचना, शरीरक्रिया, शुश्रूषा, श्वासमार्ग मोकळा ठेवणे, गाडी सुरक्षित चालवणे, शिवाय रुग्णालयात प्रत्यक्ष काम. पोलिसांना मिळणाऱ्या प्रथमोपचाराच्या धड्यांशी याची तुलनाच होऊ शकत नाही. शाळेने टाकून दिलेली मुले शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञांच्या शेजारी उभी राहून शिकत होती.

१९६८ मध्ये सेवा सुरू झाली. पहिल्याच वर्षी तिने सुमारे ५,८०० हाकांना प्रतिसाद दिला आणि सफर यांच्या हिशेबाने २०० जीव वाचवले. लवकरच श्रीमंत गौरवर्णीय वस्त्यांना प्रश्न पडू लागला, की आपल्याकडे मात्र अजून पोलिसांचीच गाडी का?

१९७४ मध्ये तरुण डॉक्टर नॅन्सी कॅरोलाइन वैद्यकीय संचालक झाल्या. त्यांच्या हाताखाली ही मंडळी रस्त्यावरच रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालू लागली. पुढच्या वर्षी केंद्र सरकारने पॅरामेडिकांसाठी राष्ट्रीय अभ्यासक्रम तयार करण्याचे काम कॅरोलाइन यांना दिले. तो ज्या अनुभवावर बेतला गेला, तो फ्रीडम हाउसचा होता. त्यांचे ‘इमर्जन्सी केअर इन द स्ट्रीट्स’ हे पाठ्यपुस्तक १९७९ मध्ये आले आणि पुढे पॅरामेडिकांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या.

मात्र त्याच १९७५ च्या ऑक्टोबरमध्ये महापौर पीट फ्लॅहर्टी यांच्या प्रशासनाने स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाउस बंद झाले. माणसे सामावून घेण्याचे वचन मिळाले होते, ते कागदोपत्री पाळलेही गेले. प्रत्यक्षात जुन्या जोड्या फोडण्यात आल्या. न शिकवलेल्या विषयांवर परीक्षा घेण्यात आल्या. पूर्वीच्या गुन्ह्यांची नोंद काढून काहींना घरी पाठवण्यात आले. वर्षानुवर्षे जीव वाचवलेल्यांवर कमी अनुभवाचे गौरवर्णीय सहकारी वरिष्ठ म्हणून नेमले गेले. रुग्णाजवळ जाण्याऐवजी उपकरणे उचलण्याचे काम वाट्याला आले. वर्षभरात निम्मेच उरले. सरळ बडतर्फी केली असती तर निदान गवगवा झाला असता. बढतीची शिडी हळूच काढून घेतली की माणूस स्वतःच राजीनामा लिहितो, आणि दप्तरात नोंद होते ‘स्वेच्छेने’.

बाहेर पडलेल्यांपैकी मिचेल ब्राउन यांनी पुढे क्लीव्हलँड शहराची रुग्णवाहिका-सेवा सांभाळली. जे टिकले त्यांत जॉन मून होते. ते पिट्सबर्गच्या सेवेत साहाय्यक प्रमुखपदापर्यंत चढले आणि २००९ मध्ये निवृत्त झाले. प्रमुखपद त्यांना मिळाले नाही. मून यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेल्या अमेरा गिलक्रिस्ट २०२३ मध्ये त्या पदावर आल्या. तेथवर पोहोचलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री.